रेम्ब्रांटचे हात

रेम्ब्रांटच्या उतारवयातल्या आत्मचित्रांसमोर उभं राहिलं की बहुतेकांना दुःख दिसतं. ते दिसावं एवढी सामग्री त्याच्या आयुष्यात होतीच. 1642मध्ये पत्नी सास्किया गेली, 1656मध्ये दिवाळं निघालं, घर विकलं गेलं, हौसेने जमवलेला संग्रह लिलावात गेला. 1663मध्ये जोडीदारीण हेंड्रिक्ये आणि 1668मध्ये तरुण मुलगा टायटस गेला. हे ठाऊक असलं की त्या जड पापण्यांत आणि ओघळलेल्या गालांत आपण चरित्र वाचू लागतो. मला हे वाचन आळसाचं वाटतं. चरित्र माहीत नसलेल्या माणसाला तेच डोळे नुसते म्हातारे वाटतील, कदाचित थोडे मिश्कीलही.

चाळीस वर्षांत त्याने स्वतःच्या साधारण ऐंशी प्रतिमा केल्या. 1630मध्ये, विशीतला असताना, आरशात बघून केलेली त्याची काही एचिंग जेमतेम दोन इंचांची आहेत. डोळे विस्फारलेले, ओठांचा चंबू, केस पिंजारलेले. भीती किंवा राग चेहऱ्यावर नेमका कुठे उमटतो, याचा तो रियाज होता. त्याला बायबलमधल्या कथा रंगवायच्या होत्या आणि स्वतःचा चेहरा हे हाताशी असलेलं, कधीही न कंटाळणारं मॉडेल होतं.

शिवाय गिऱ्हाईकही होतं. रेम्ब्रांटचे मोठे अभ्यासक एर्न्स्ट व्हान दे वेटरिंग यांनी हे ठासून मांडलं आहे: नामवंत चित्रकाराचा चेहरा आणि त्याची शैली एकाच कॅनव्हासवर मिळावी, अशी संग्राहकांची इच्छा असे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाकडे 1630च्या दशकातच त्याचं एक आत्मचित्र पोचलं होतं. एकांतात स्वतःशी बोलणारा व्याकूळ कलावंत ही प्रतिमा बरीचशी नंतरच्या काळाने घडवली.

म्हणून काय, या चित्रांत कलावंताचं मन नाही? आहे. ते डोळ्यांत शोधण्यापेक्षा त्याने जे बदललं त्यात शोधावं, असं मला वाटतं.

लंडनच्या केनवुड हाउसमधलं आत्मचित्र घ्या. मागच्या भिंतीवर दोन अपुरी वर्तुळं, पुढे पांढऱ्या टोपीतला चित्रकार. क्ष-किरणांनी तपासल्यावर कळलं, की आधी त्याने आरशात दिसलं तसंच रंगवलं होतं: ब्रश डाव्या हातात, पॅलेट उजव्या. मग ते झाकून पॅलेट आणि ब्रश त्याने डाव्या हातात दिले. तो हात तर धड हातही नाही, रंगाचे चार घाईचे फटकारे आहेत. पण हा बदल फार मोठा आहे. आरसा फक्त आपल्याला आपली उलटी बाजू दाखवतो. समोरच्या माणसाला आपण तसे कधीच दिसत नाही. साठीच्या आसपासच्या या माणसाने स्वतःची ओळखीची प्रतिमा सोडली आणि इतरांना तो जसा दिसला असता तसा स्वतःला उभा केला. स्वतःकडे परक्याच्या जागेवरून बघणं हे कुठल्याही कबुलीजबाबापेक्षा अवघड आहे.

दुसरं चित्र 1669चं, त्याच्या मृत्यूच्या वर्षातलं. त्यात हात एकमेकांत गुंतलेले, स्वस्थ. क्ष-किरणांत मात्र आधीचे उघडे हात दिसतात आणि त्यांत ब्रश दिसतो. तो त्याने काढून टाकला. रचनेच्या अंगाने कारण सोपं असेल: ब्रशने नजर खाली ओढली असती आणि चेहऱ्यावरचा उजेड फिका पडला असता. तरी मला त्यात आणखी काही दिसतं. ज्या अवजारावर आयुष्य उभं राहिलं, तेच पुसून त्याने फक्त एक त्रेसष्ट वर्षांचा माणूस शिल्लक ठेवला. स्वतःची कीव करणाऱ्याला हे जमलं नसतं. कीव करणारा प्रत्येक सुरकुती ठळक करतो आणि हातातला ब्रश तर मुळीच सोडत नाही.

हे दुसरं चित्र लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहे. दोन्ही ठिकाणी संग्रह पाहायला तिकीट लागत नाही. कधी तिकडे जाणं झालं, तर दोन्ही चित्रं पाहा, आणि चेहऱ्याकडे वळण्याआधी थोडा वेळ हातांना द्या.