अनणसुख आणि लेकरांचे शिक्षण



श्रावस्तीच्या जेतवनात अनाथपिंडिक हा गृहपती भगवंतांच्या दर्शनास वरचेवर येत असे. तो मोठा व्यापारी होता. देणेघेणे कशाला म्हणतात हे त्याला शिकवावे लागत नव्हते. अशा माणसाला भगवंतांनी गृहस्थाच्या चार सुखांचा उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे. स्वतःच्या कष्टाने मिळविलेले धन जवळ असण्याचे सुख, ते धन नीट उपभोगण्याचे आणि पुण्यकर्मात लावण्याचे सुख, कोणाचेही देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यांतील तिसऱ्याला पाली भाषेत अनणसुख म्हणतात. अनण म्हणजे ज्याच्या डोक्यावर ऋण नाही तो. चौथे सुख सर्वांत श्रेष्ठ, हे भगवंतांनीच सांगितले आहे. परंतु ज्याच्या दारात दर महिन्याला वसुलीवाला उभा राहतो त्याला पहिल्या दोन सुखांची चवही लागत नाही, हे आपल्या वस्तीतल्या कोणत्याही माउलीला विचारा.

आज या तिसऱ्या सुखावरच बोलावयाचे आहे, आणि तेही मुलांच्या कॉलेजच्या फीसंबंधाने. विहारात फीच्या गोष्टी कशाला, असे कोणाला वाटेल. सिगाल नावाच्या तरुणास भगवंतांनी आईबापांची कर्तव्ये सांगितली, त्यांत मुलांना विद्या-शिल्प शिकविणे हे स्पष्ट आहे. तेव्हा हा विषय धम्माच्या बाहेरचा नाही.

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत काय होते? पोरगा किंवा पोरगी चांगल्या गुणांनी पास होते आणि बापाच्या पोटात गोळा येतो. कोणी मंगळसूत्राचे मणी मोडतो, कोणी बचत गटातून उचल घेतो, कोणी बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदावर अंगठा उठवितो. आणि पुष्कळदा या घराला फी भरण्याची गरजच नसते. सरकारने ती भरावयाची असते. हे ठाऊक नसल्यामुळे घर कर्जात जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पोरगी घरी बसते.

कर्ज काढून शिकणे हे पाप नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनीही कर्ज काढले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना अमेरिकेस पाठविले. तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती, आणि परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियाहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा पैसा साठविला. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, तेव्हा कुठे १९२० साली पुन्हा लंडन गाठता आले. जगातला एवढा मोठा विद्वान, पण पैशापायी त्याची तीन वर्षे गेली. हे त्यांनी स्वतः भोगले होते. आपल्यामागून येणाऱ्या पोरांना हे भोगावे लागू नये, ही कळकळ त्यातूनच आली असे मला वाटते.

म्हणून १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होताच त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांच्यापुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. सरकारने वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधीची ही योजना आज चालू आहे. भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच.

आता या शिष्यवृत्तीचा आणि आपल्या दीक्षेचा संबंध ऐका, कारण नवदीक्षित कुटुंबांना याचीच भीती दाखविली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीत धरले जात नसे. शिखांपुरता त्यात १९५६ साली बदल झाला, बौद्धांसाठी झाला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी दीक्षा घेतली त्यांच्या लेकरांच्या केंद्राच्या सवलती त्यामुळे गेल्या. शाळेच्या दाखल्यावर बौद्ध लिहावे तर शिष्यवृत्ती जाते, जुनी ओळख लिहावी तर दीक्षेशी बेइमानी होते. लोकांनी बौद्ध लिहिले! पोटाला चिमटा घेऊन लिहिले. १९६० साली महाराष्ट्र सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने कायदा बदलला तो १९९० साली. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या आईबापांनी, आजोबांनी धम्माची किंमत रोख मोजली.

आज दीक्षा घेणाऱ्या घराला ही किंमत पडत नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्याचा हक्क कायम राहतो. मात्र कागद नीट असले पाहिजेत. धर्म बौद्ध, आणि जातीच्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख. नुसता बौद्ध एवढाच शब्द असेल तर हक्क कोणत्या जातीच्या आधारे आहे हे कचेरीला कळत नाही आणि अर्ज अडतो. जातीचा उल्लेख लिहिताना मन खट्टू होते, मला ठाऊक आहे. परंतु तो आपण जात मानतो म्हणून लिहावयाचा नसून, जातीपायी जे नाकारले गेले त्याचा पुरावा म्हणून लिहावयाचा आहे.

या योजनेत अकरावीपासून वरच्या शिक्षणाची सक्तीची फी सरकार देते, आणि वर निर्वाह भत्ता देते. २०१३-१४ पासून आईबापांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली. अर्ज करताना त्या वर्षीची मर्यादा विचारून घ्यावी. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर महाराष्ट्रात फ्रीशिप आहे. तिच्यात भत्ता नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळते. २०२१ च्या नियमांप्रमाणे वसतिगृहात राहणाऱ्याचा भत्ता अकरावी-बारावीला वर्षाला ४,००० रुपये, तर डॉक्टरी-इंजिनिअरिंगला १३,५०० रुपये ठरला. एवढ्यात शहरात पोट भरत नाही, हे सरकारलाही कळत असावे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून सुरू झालेली बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना पाहावी. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिच्यात राहण्या-जेवण्याला वर्षाला साठ हजारांपर्यंत रक्कम ठेवलेली होती. तिला गुणांची अट आहे.

आणखी एक गोष्ट बायाबापड्यांनी नीट ऐकावी. या शिष्यवृत्तीला एका घरातील मुलांच्या संख्येची मर्यादा नाही. पोरगा शिकतोय म्हणून पोरीचे राहू द्या, हे कारण चालणार नाही.

आता फसवणुकीविषयी. खाजगी कॉलेजांच्या दारात दलाल उभे असतात. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या रांगेत कशाला राहता, मॅनेजमेंट कोट्यातून जागा देतो, शिष्यवृत्तीही मिळेल, असे सांगतात. हे साफ खोटे आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आपल्या माणसांवर लाखांची कर्जे चढतात ती या वाटेने. एक पायरी पूर्ण करून पुन्हा त्याच पायरीचा दुसरा अभ्यासक्रम घेतला तरी ती मिळत नाही, म्हणजे बी.ए. होऊन बी.कॉम.ला बसलात तर नाही. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असे ठरल्यापासून केंद्राची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. ती घरखर्चाची नाही. त्यात कॉलेजची फी असते, ती तत्काळ कॉलेजला भरावयाची. रक्कम आली आणि दिवाळी साजरी केली, मग कॉलेजने निकाल अडविला, असे होऊ देऊ नका. रक्कम उशिरा येते हे खरे. पण तेवढ्यासाठी सावकाराकडे जाऊ नये. कॉलेजला लेखी अर्ज द्यावा, समाजकल्याण कार्यालयात दाद मागावी, चार घरांनी मिळून जावे. एकट्या माणसाला कारकून उद्या या म्हणतो, दहा जणांना खुर्ची देतो.

काही शिकलेली मंडळी म्हणतात, आम्हाला सरकारची भीक नको. यावर दीघ निकायातील कूटदंत सुत्त वाचावे. महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. राज्यात चोऱ्या-दरोडे फार होते. त्याच्या पुरोहिताने सांगितले की दंड देऊन हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, राजसेवकाला वेतन दे. राजाने तसे केले आणि लोक दाराला कडी न लावता झोपू लागले. त्या राजाने शेतकऱ्याला व्याज मागितल्याचे त्या कथेत नाही. राज्याने प्रजेच्या हाती साधन द्यावे हा राजधर्म आहे आणि आजच्या राज्यात विद्या हेच बियाणे. भीक मागताना हात पसरावा लागतो. येथे अर्ज भरावयाचा आहे.

तो महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात, आणि दर वर्षी नव्याने भरावा लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक शिक्षणासाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, एवढे लागते. जात पडताळणीला महिने लागतात, तेव्हा मूल अकरावीत असतानाच ती सुरू करावी. येत्या रविवारी वंदनेनंतर आपली कॉलेजात जाणारी मुले विहारात थांबणार आहेत. ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे मूल आहे त्यांनी असतील नसतील ते सगळे कागद पिशवीत घालून आणावेत. फाटलेले असले तरी आणावेत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.