वारा कुठून कुठं?

एप्रिलमधला रविवार. नेदरलँड्समधल्या स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन पडलं होतं. कन्नड गावचा एक तरुण काइटसर्फिंगच्या पतंगात हवा भरून तयारीत होता. शिकवणी नुकतीच संपलेली, आज पहिल्यांदाच एकट्यानं पाण्यात उतरायचं. तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. कन्नडला गच्चीवर आई कुरडया वाळत घालत होती, अण्णा सावलीत बसले होते.

"केवढा मोठा पतंग!" अण्णांचे डोळे चमकले. संक्रांतीला गल्लीतली पोरं अंबाडी धरणाकडं नेणारा हा माणूस. जागा मात्र तेच ठरवायचे. आधी मूठभर माती उडवायची. ती पाण्याकडं गेली, की तिथून उठायचं. कटलेला पतंग शेतात पडला पाहिजे, धरणात नाही. कारण पतंगामागं पोरगं धावतंच, आणि धावताना ते खाली बघत नाही.

"वारा कुठून कुठं?" अण्णांनी विचारलं.

"पूर्वेचा आहे. जमिनीवरून समुद्राकडं."

"मांजा तुटला तर पतंग कुठं जाईल?"

"समुद्रात."

"अन् तू?"

तो गप्प झाला. त्या किनाऱ्याचं तोंड वायव्येकडं. पूर्वेचा वारा ऊन घेऊन येतो, काठाजवळचं पाणी सपाट ठेवतो; नवख्याला वाटतं, उतरावं तर आजच. पण पतंग पाण्यात पडून पुन्हा उठला नाही, तर तोच वारा माणसाला आत आत नेतो. पाणी 9 अंशांच्या आसपास. असल्या पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही, थोड्या वेळात बोटं वळेनाशी होतात. कमरेपुढची लाल मूठ ढकलली की पतंगाची ओढ सुटते, पण ती ढकलायला बोटं तर हवीत! 2020 च्या मे महिन्यात याच किनाऱ्यावर पाण्यात उतरलेल्या पाच जणांचा जीव गेला. तेव्हाचा वारा वेगळा होता, पण ती पाण्यात मुरलेली माणसं होती.

त्यानं पतंगातली हवा सोडली. फोन वाळूत टेकवून उभा केला, हातमोजे समुद्रात बुडवून आणले, कमरेला पट्टा आवळला आणि डोळे मिटून लाल मूठ चाचपली. ढकलायची, जोडायची, पुन्हा ढकलायची. बोटं बधिर झाली तरी तो थांबला नाही.

अण्णा बघत होते.

"डाव्या हातानंही कर," ते म्हणाले.