पाचवे कारण

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यामागून दैवाला पाचवे स्थान दिले आहे. हा अनुक्रम किती विचारपूर्वक लावला आहे, याची प्रतीती लघुलहरींवर परदेशांशी संभाषण साधणाऱ्या हौशी बिनतारीवाल्यांच्या व्यवहारात येते. गच्चीवर ताणलेली, १४ मेगाहर्ट्झच्या बँडला साजेशी सुमारे १० मीटर लांबीची तार आणि शंभराच्या आतले वॅट, एवढ्याच सरंजामावर हा उद्योग चालतो. पण एखाद्या संध्याकाळी बँड असा उघडतो की शेजारच्या जिल्ह्यात न पोहोचणारी हाक समुद्रापार स्पष्ट ऐकू जाते, आणि दुसऱ्या संध्याकाळी तीच तार, तेच यंत्र व तीच तत्परता असूनही नुसती खरखर पदरी पडते.

हा फरक यदृच्छा म्हणून दप्तरदाखल करता येत नाही. वातावरणातील ज्या विद्युद्भारित थराचे अस्तित्व ॲपलटन यांनी १९२४ साली प्रयोगाने सिद्ध केले, आणि कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी ज्या प्रदेशाचा आपल्या १९४७ च्या ग्रंथात साकल्याने परामर्श घेतला, तेथील घडामोडींचे सूत्र सूर्याच्या हाती आहे. सुमारे तीनशे किलोमीटरांवरचा थर लहरींना पुन्हा पृथ्वीकडे वळवतो. साठ ते नव्वद किलोमीटरांमधला थर त्यांतील दीर्घतर लहरींना दिवसा ग्रासतो आणि सूर्यास्तानंतर लवकरच विरतो. आणि सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनात सूर्यडाग वाढले की दहा मीटरच्या बँडवर चारपाच वॅटही खंड ओलांडतात. तेव्हा दैव म्हणजे अनियम नव्हे. नियम आहे, मात्र त्यावर आपला अंमल नाही. आणि एवढे ध्यानात घेतले म्हणजे दैव मानणे ही बुद्धीची शरणागती होय, हा आक्षेप निराधार ठरतो.

मला अधिक मोलाचा वाटतो तो कर्तृत्वाच्या श्रेयाचा प्रश्न. उंच मनोऱ्याच्या आणि प्रबळ प्रेषकाच्या धन्याला यशाचे सारे श्रेय आपल्याच सरंजामाला देण्याचा मोह सहज होतो, जरी सूर्यावर प्रचंड ज्वाला उसळताच पृथ्वीच्या उजेडाकडील बाजूस त्याचा आवाजही लहान तारेइतकाच लोपतो. आखूड तारेवाल्याला हा भ्रम फार काळ पोसता येत नाही; आपला वाटा केवढा आणि परिस्थितीचा केवढा, हे त्याला रोज दिसते, आणि म्हणूनच मी त्याची दृष्टी अधिक यथार्थ मानतो.

परंतु तो वाटा अल्प असला तरी शून्य नव्हे, हे दैववाद्यांनीही विसरू नये. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने दोनशे मीटर व त्याखालच्या लहरी निरुपयोगी समजून हौशी मंडळींच्या वाट्याला टाकल्या होत्या. १९२३ च्या नोव्हेंबरात नीस येथील लेओं देलॉय आणि कनेटिकटमधील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार परस्परसंभाषण घडवले, तेव्हा लहरी वळवणारा थर काही नव्याने निर्माण झाला नव्हता. त्या लहरी वापरून पाहण्यासाठी श्नेल यांनी सरकारदरबारी खास परवानगी मात्र मिळवली होती.