घर भरलेले असूनही

वृद्धाने आत्महत्या केल्याची बातमी आली की आपल्याकडे कारण तयारच असते: एकत्र कुटुंब मोडले, म्हणून हे झाले. यंदा आमच्याकडच्या व्याख्यानमालेत एका विद्वानांनी हेच ठासून सांगितले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला हे निदान घातक वाटते. त्यामुळे भरल्या घरातला म्हातारा सुरक्षित ठरतो आणि त्याच्याकडे पाहायचे राहून जाते.

असे म्हणणाऱ्यांचा आधार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम. आत्महत्येवरचा त्याचा ग्रंथ १८९७ चा. कुटुंबाशी, धर्माशी, समाजाशी माणूस जितका बांधलेला, तितका तो आयुष्याला धरून राहतो, हे त्याने युरोपातली आकडेवारी मांडून दाखवले. आपले विद्वान इथेच ग्रंथ मिटतात. पुढच्याच प्रकरणात दुर्खीम दुसरे टोक दाखवतो. बंध इतका घट्ट होतो की माणसाच्या जिवाला स्वतंत्र मोलच उरत नाही, तेव्हाही तो मरण पत्करतो. या परार्थी आत्महत्येच्या उदाहरणांत म्हातारपणाच्या उंबरठ्यावरची आणि आजारी माणसे त्याने अगदी आधी घेतली आहेत, आणि नवऱ्यामागे जाणाऱ्या बायकाही.

आता आपले घर पाहा. दोन खोल्यांत सहा माणसे, नातवाची बारावी, सुनेची नोकरी आणि खिडकीशी खाटेवर कंपवाताने थरथरणारे आजोबा. त्यांना कुणी वाकडा शब्द बोलत नाही. तरी डायपरचा खर्च, मुलाचे रात्री दोनदा उठणे, सुनेने घेतलेली बिनपगारी रजा, सगळ्याचा हिशेब ते मनात मांडत असतात. ‘मी गेलो की ही पोरं सुटतील’ हा विचार त्यांच्या मायेतून येतो, म्हणूनच तो घरात कुणाला ऐकू येत नाही.

मग वृद्धांना बोलायला माणूस मिळाले की भागले का? इटलीतल्या व्हेनेटो प्रांतात १९८८ ते १९९८ या काळात १८ हजारांहून अधिक ज्येष्ठांना आठवड्यातून साधारण दोनदा फोन करून विचारपूस केली गेली. त्यांच्यातल्या आत्महत्या अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्या. मात्र हा फायदा स्पष्ट दिसला तो स्त्रियांमध्ये. पुरुषांच्या बाबतीत तसे म्हणता आले नाही. आपल्याकडचे पुरुष तरी कुठे उदास आहोत म्हणून सांगतात? ते झोप नाही म्हणतात, गुडघे धरलेत म्हणतात, जेवण जात नाही म्हणतात. डॉक्टर ‘वयोमानाप्रमाणे चालायचंच’ म्हणून गोळ्या लिहून देतात आणि उपचाराने बरे होणारे नैराश्य म्हातारपणाच्या खात्यावर जमा होते.

गोव्यात नेमके हेच धरून काम झाले. साठीपुढच्या, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ जणांमधल्या निम्म्यांना प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले समुपदेशक भेटले. रोजच्या अडचणी सोडवायच्या कशा, झोपेची घडी बसवायची कशी, मधुमेह सांभाळायचा कसा, सरकारी मदतीपर्यंत पोचायचे कसे, एवढेच ते शिकवत. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: वर्षभरात या गटात ४ जणांना तीव्र नैराश्याने गाठले, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात १३ जणांना. हा अभ्यास नैराश्याचा होता, आत्महत्येचा नव्हे. पण उतारवयात तिकडे जाणारी मोठी वाट नैराश्यातूनच जाते.

या वाटेवर अडसर घालता येतो. जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट बोलायला जागा होते. शेतीची औषधे घरात न ठेवता कुलपात ठेवली तर ती निकराची घटका टळू शकते. घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर श्रीलंकेत आत्महत्या झपाट्याने उतरल्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरात ठळक लिहून ठेवावा.

‘म्हाताऱ्यांना काहीतरी काम द्या, उपयोगी वाटू द्या,’ हा सल्लाही मला आता अपुरा वाटतो. हिंडत्याफिरत्यांना तो ठीक. अंथरुणाला खिळलेल्याने काय करावे? जगण्याचा हक्क उपयोगावर टांगला की त्याच्या मनातला हिशेब आपणच खरा ठरवतो. ‘तुम्ही जड नाही’ हे घराने सांगावेच. पण सुनेची नोकरी जात असेल आणि मुलाची झोप मोडत असेल, तर त्या शब्दांवर आजोबांचा विश्वास बसणार नाही. गावात घरी येणारी परिचारिका हवी, तालुक्याला दिवसाचे देखभाल केंद्र हवे, सांभाळणाऱ्याला भरपगारी रजा हवी. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी हे मागावे. नाहीतर सगळा भार त्याच कुटुंबावर राहील आणि तो उतरवण्याची जबाबदारी सर्वांत थकलेला माणूस स्वतःवर घेईल.