वाळूतला सराव
उंचावरून पाण्यात मारलेला सूर क्षणात संपतो. त्यामागचा सराव मात्र अनेक वर्षांचा असतो. कोरियन वंशाचे अमेरिकन डॉक्टर सॅमी ली यांना तरुणपणी वर्णभेदामुळे पॅसाडिना शहरातील सार्वजनिक जलतरण तलाव आठवड्यातून एकच दिवस खुला असे, म्हणून एरवी ते वाळूच्या खड्ड्यात उड्या मारून शरीराला वळण लावीत. संधी अडली, पण सराव अडला नाही. पुढे १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये प्लॅटफॉर्म डायव्हिंग, म्हणजे दहा मीटर उंचीच्या स्थिर मंचावरून सूर मारण्याच्या स्पर्धेत, त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि नंतर ग्रेग लुगॅनिससारखा नामवंत डायव्हिंगपटू शिष्यही घडवला. अन्यायाला विरोध करावाच, पण न्याय मिळेपर्यंत साधना थांबवू नये. श्रोतेहो, संधी अडली तरी सराव अडू देऊ नका.