नाकारलेल्या विद्येचे ऋण

चेन्नईतील टी. नगर ही रेशमी वस्त्रांची मोठी पेठ. तेथे दुकान असलेल्या ‘चेन्नई सिल्क्स’ या पेढीने २००८ साली राजा रविवर्म्याची अकरा चित्रे विणलेली एक साडी सुमारे चाळीस लाख रुपयांना विकली. चित्रातील रेषा रेशमात उतरण्यापूर्वी किती हातांतून गेली, याचा मागोवा घेतला असता एक नैतिक प्रश्न उभा राहतो.

१८६८ साली थिओडोर जेन्सन हा मूळचा डॅनिश चित्रकार त्रावणकोरच्या महाराजांचे व्यक्तिचित्र रंगवण्यासाठी आला. उत्तर युरोपातील चित्रकार त्या काळी इटलीत जात. जेन्सन त्याहून पुष्कळ दक्षिणेस उतरला होता. वीस वर्षांच्या रविवर्म्याला तैलरंगांची विद्या हवी होती. जेन्सनने शिकवण्यास नकार दिला. महाराजांच्या शब्दाखातर पाहत बसण्याची मुभा तेवढी दिली. दरबारातील रामस्वामी नायकरानेही विद्या राखूनच ठेवली होती. तेव्हा हा कृपणपणा परकीयाचा म्हणता येत नाही.

ज्याने शिकवले नाही, त्याचे ऋण शिकणाऱ्यावर असते काय? एकलव्याने ते मानले आणि अंगठा गमावला. ती दक्षिणा विशेष अन्याय्य वाटते, कारण तिने विद्येचा पुढचा प्रवासच खुंटवला. परंपरेने ऋषिऋण फेडण्याची निराळी वाट सांगितली आहे: स्वतः अध्ययन करावे आणि ती विद्या पुढे द्यावी.

रविवर्म्याने ते फेडले काय? १८९४ साली मुंबईत छापखाना काढून त्याने देवदेवता घरोघर पोचवल्या. देवळाचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्या भिंतींवरही लक्ष्मी-सरस्वती आल्या. तथापि चित्र देणे म्हणजे विद्या देणे नव्हे. विद्या सरकली ती छापखान्यातील कामातून. पुढे मळवलीस गेलेल्या याच छापखान्यात दादासाहेब फाळक्यांनी काम केले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला.

पाहता पाहता शिकणे विणकराच्याही घरचे आहे. साडीवर चित्रकाराचे नाव मिरवते, पेढीचेही मिरवते. मागावर बसलेल्याचे सहसा कोणी विचारत नाही. विद्या हेच ज्याचे पोट, त्याने ती राखली तर त्याला अनुदार ठरवणे सोपे आहे. मात्र शिकवणाऱ्याच्या उपजीविकेची हमी समाज देत नसेल, तर औदार्याचा सगळा भार त्या एकट्यानेच का वाहावा? नकार जेन्सनचा होता. त्याच्यामागची धास्ती आजही प्रत्येक कारागिराच्या घरी वस्तीला आहे.