स्नेहावाचून यंत्र जखडते

श्रोते हो, दृष्टांत घरचाच आहे. आमच्या थोरल्या बंधूंची जावा मोटारसायकल आमच्या गोठ्यात २२ वर्षे पडून होती. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या, त्यांतलीच ही एक. वाटणीवरून उभयतांचा अबोला झाला, आणि गाडीही मुकी झाली.

यंदा बंधू आजारी पडले. आम्हांला वाटले, गाडी तरी चालू करावी. लागलो किक मारायला! मिस्त्री म्हणाला, "थांबा महाराज! जोर कराल तर गंजाने सिलिंडर ओरबाडेल. प्लग काढून आत तेल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग हलक्या हाताने फिरवा."

तसे केले. टाकीतला गंज धुतला. पेट्रोल वाळून कार्बुरेटरच्या जेटचे बारीक छिद्र बुजले होते, ते मोकळे केले. पॉइंटवरचा काळा थर घासताच ठिणगी पडली. हे इंजिन टू-स्ट्रोक. त्याचे पेट्रोल ऑइल मिसळूनच भरावे लागते, नाहीतर पिस्टन जखडतो.

आता सिद्धांत पाहा. संस्कृतात तेल आणि प्रेम या दोहोंना शब्द एकच, स्नेह! अहो, नाते मोडत नाही, ते बुजते. तिथे लाथ काय कामाची? आधी स्नेह मुरू द्यावा.

गाडी धडधडली. आवाज ऐकून बंधू काठी टेकीत ओट्यावर आले. म्हणाले, "अरे, किकचा दांडा तोच गिअरचा, विसरलास काय?"

२२ वर्षांतले ते पहिले बोलणे. आम्ही गाडी तशीच चालू ठेवून पायांवर डोके ठेवले.

रामकृष्णहरी!